न्हाणीघरातला हातआरसा

मित्रांनो, तळहाताएवढा, लाकडी मुठीचा एक म्हातारा हातआरसा तुमच्याशी बोलतो आहे. काचेच्या एका कारागिराने मला घडवले. माझी कड घासून त्याने मला उजेडात धरले आणि तो म्हणाला, "हा काही खोटं बोलायचा नाही." तेव्हा मला केवढा अभिमान वाटला होता!

मी थोरल्या सुनेबरोबर या घरात आलो. काही वर्षांनी धाकटी सून आली आणि मी दोघींचा झालो. भांग पाडताना, डोळ्यात गेलेला कण काढताना त्या मला हक्काने उचलायच्या. सुखाचे दिवस होते ते.

धाकटी शर्टांच्या कारखान्यात कॉलर शिवायची. दिवसभर बसून काम. एका वर्षी तिला लघवीच्या जागेभोवती खाज सुटली, ती थांबेचना. मशीनवर बसवेना, सारखे उठावे लागे. मुकादमीण सगळ्यांदेखत म्हणाली, "तुझ्या खुर्चीत काय काटे आहेत का गं?" सगळ्या हसल्या. हे मला ठाऊक, कारण धाकटी न्हाणीघरात कडी लावून स्वतःशीच बोलायची.

औषधांच्या दुकानात काउंटरवर पुरुष उभा. तिने सांगितले, "पायाला खाज येते." त्याने बुरशीचे मलम दिले. आठ महिने तिने ते चोळले. मग आपणच अस्वच्छ आहोत असे वाटून जंतुनाशक ओतलेल्या कढत पाण्याने धुऊ लागली. कातडीला चिरा पडल्या. लघवी करताना ती तोंडात पदर कोंबायची. नवरा जवळ आला की अंग चोरायची. "माझं काही चुकलं का?" त्याने एकदा दाराबाहेरून विचारले. ती म्हणाली, "कंबर दुखतेय हो."

एके दिवशी तिने मला खाली धरले. जे होते तेच मी दाखवले. पांढरी पडलेली, चकाकणारी, चुरगळलेल्या पातळ कागदासारखी कातडी. मी तिच्या हातून निसटून फरशीवर पडलो आणि माझा टवका उडाला. त्या दिवशी मला माझ्या खरेपणाची शिसारी आली. ती तिथेच खाली बसून रडू लागली.

दारावर थाप पडली. थोरली होती. "अगं, तास झाला. उघड आधी."

"जाऊबाई, मला नाही जगायचं."

कडी निघाली. हुंदके देत धाकटीने सगळे सांगितले. थोरलीने बादली उलटी केली आणि तिच्यासमोर बसली.

"मला नऊ वर्षं झाली," ती म्हणाली.

"कशाला?"

"याच दुखण्याला."

"आणि एका शब्दाने बोलला नाहीत?"

"काय बोलणार, कुणाला बोलणार? वाटलं, वयाबरोबर जाईल."

दुसऱ्या दिवशी दोघी त्वचेच्या डॉक्टरीणबाईंकडे गेल्या. धाकटीने मला रुमालात गुंडाळून नेले होते. जीभ रेटली नाही तर निदान जागा तरी दाखवता येईल, म्हणून. डॉक्टरीणबाईंनी नीट तपासले.

"अशा खाजेची कारणं पुष्कळ असतात," त्या म्हणाल्या. "बुरशी, मधुमेह, साबणाची ॲलर्जी, इसब. तुमचं त्यातलं नाही. ही कातडीची जुनाट सूज आहे. अस्वच्छतेने होत नाही, कुणाला लागत नाही. मुळापासून जात नाही, पण योग्य मलमाने आटोक्यात राहते."

"मग मी जे चोळलं ते?"

"ते दुसऱ्याच रोगाचं होतं, बाई."

धाकटीने डोळे पुसले. मलम कुठे आणि किती लावायचे, ते डॉक्टरीणबाईंनी मला धरूनच तिला दाखवले.

मग त्यांनी थोरलीलाही तपासले. एका बाजूला न भरणारी जखम होती. "ही कधीपासून?"

"वर्ष होत आलं."

त्यांनी कातडीचा तुकडा तपासणीला पाठवला. हे दुखणे वर्षानुवर्षे तसेच राहिले, तर थोड्या जणींच्या बाबतीत त्यातून कॅन्सर उद्भवतो. थोरली त्या थोड्या जणींतली निघाली. शस्त्रक्रिया झाली, पण तोवर तो जांघेतल्या गाठींपर्यंत पोचला होता.

आता धाकटी कारखान्यात पूर्ण पाळीभर मशीनवर बसते. थोरली कुशीवर पडून असते. उपचार चालू आहेत, पण पुढचे कुणी छातीठोकपणे सांगत नाही. काल धाकटी तिचे केस विंचरत होती. तोंड पाहायला म्हणून थोरलीने मला हातात घेतले आणि पालथे ठेवले.

"तू रडलीस, म्हणून कुणाला तरी ऐकू गेलं गं," ती म्हणाली. "मी तेवढंसुद्धा केलं नाही."

मित्रांनो, शरीराच्या ज्या जागेचे नाव घ्यायला जीभ अडखळते, तीही तुमचीच आहे. तिथे खाज राहिली, रंग बदलला, जखम भरेना, तर आईला सांगा, डॉक्टरांना दाखवा. तुमची आई गप्प गप्प असेल, तर तिलाही विचारा. मी आरसा आहे. मी दिसेल ते दाखवतो, पण कडी काढून कुणाला बोलावून आणणे मला जमत नाही.