तारेचं दुसरं टोक

मी बोलतेय, कपाटाच्या खालच्या खणातून, दोऱ्यांच्या रिळांशेजारून. मी हार्ड डिस्क. या घरात मला काळी डबी म्हणतात. म्हणू देत, माझं काय जातंय?

इथे अडचणीच्या पायांचे बूट बनतात. कुणाचा एक पाय आखूड, कुणाची टाच वाकडी, कुणाला बोटंच नाहीत, अशी माणसं लांबून येतात. पूर्वी प्रत्येकाच्या पायाचा लाकडी साचा भिंतीवर टांगलेला असे. कॉम्प्युटर आला, मापं त्यात गेली आणि मालकांनी साचे सरळ जळणाला दिले. उत्साह भारी दांडगा. तेव्हापासून सगळे पाय त्या कॉम्प्युटरात, आणि त्यांची नक्कल माझ्या पोटात.

नक्कल वहिनी करतात, म्हणजे मालकांची बायको. सगळा कारखाना त्यांना वहिनीच म्हणतो. दर शनिवारी मला जोडायचं, मापं उतरवायची, तार काढायची आणि खणात ठेवायचं. मालक चिडवत, "अगं, राहू दे की जोडलेली. दर वेळी आत काय ठेवतेस, सोनं आहे का?" वहिनी म्हणत, "कॉम्प्युटरला काही झालं तर जोडलेल्या डबीलाही होईल. ती बाहेरच बरी." मालक हसत. मला त्या हसण्याचा असा राग यायचा.

एकदा वहिनींच्या वडिलांना बरं नव्हतं, म्हणून त्या माहेरी गेल्या. इकडे मालकांना ईमेल आला: चामड्याचे नवे नमुने, उघडून बघा. पाठवणारा अनोळखी. पण चामडं म्हटलं की आमच्या मालकांना भान राहत नाही. त्यांनी उघडला. हातातला चहा संपतो न संपतो तोच पडदा लाल झाला. तुमच्या सगळ्या फायलींना आम्ही कुलूप घातलंय, पैसे भरा, मगच किल्ली मिळेल.

बाहेर बाकावर एक आजोबा बुटांची वाट बघत बसले होते. त्यांचं माप त्या लाल पडद्यामागे.

मालक फोनकडे धावले. वहिनींचा फोन लागेना. मग "डबी आहे ना," असं पुटपुटत त्यांनी खण ओढला.

माझं धाबंच दणाणलं. अहो, त्या कॉम्प्युटरात चोर अजून बसलाय, मला तिथे कुठे नेताय? पण डबीचं कोण ऐकतंय? तारेचं एक टोक माझ्यात बसलं. दुसरं टोक मालकांच्या हातात. घाबरून ते उलटंच घुसवत होते. बसेना. फिरवलं, तरी बसेना. पुन्हा फिरवलं, आणि तेवढ्यात वहिनींचा फोन आला.

"अगं, सगळं गेलं. पण थांब, डबी जोडतोय, येईल परत."

"तार खाली ठेवा."

"अगं, पण..."

"अहो, आधी तार खाली ठेवा. फायली गेल्या तशी डबीही जाईल. मग साचे कुठून आणणार आहात?"

मालकांनी तार ठेवली. मग वहिनी सांगतील तसं त्यांनी इंटरनेट तोडलं आणि कॉम्प्युटरला हात लावला नाही. दुसऱ्या दिवशी वहिनी दुरुस्तीवाल्याला घेऊनच आल्या. त्याने मशीन पुसून कोरं केलं, सगळे पासवर्ड बदलायला लावले, मगच मला जोडलं. एकेक पाय परत आला, आजोबांचाही. चोराला दमडी मिळाली नाही. मालक डोळे पुसत होते, आणि खरं सांगते, मलाही भरून आलं.

आता माझी बडदास्त काय विचारता. मऊ कापडात गुंडाळतात, येणाऱ्याजाणाऱ्याला कौतुकाने दाखवतात. आणि त्याचीच मला धास्ती वाटते. मी यंत्रच आहे, आणि माझं वय झालंय. वहिनी दुसरी डबी आणू म्हणतात, पण मालक म्हणतात, "ही असताना दुसरी कशाला?"

हल्ली मापं उतरवताना माझ्या आत टक टक होतं, डबी बंद पडायच्या आधी होतं तसं. शेजारी हातोडी चालू असते, म्हणून कुणाला ऐकू जात नाही. उद्या शनिवार आहे. मला जोडाल तेव्हा कृपा करून तेवढी हातोडी थांबवा.