सकीनाच्या चाकांच्या रिमा

सोनगीरच्या रस्त्यावर कांद्याची ट्रॉली अंगावर आली आणि सकीनाने सायकल मोरीत घातली. तिला फक्त खरचटलं, पण सायकलच्या दोन्ही चाकांचा आठ झाला. ती सायकल खांद्यावर घेऊन घरी आली, तेव्हा अमीन ओट्यावर गादीला टाके घालत होता. आधी त्याने पोरीकडे पाहिलं, मग चाकांकडे, आणि सुई गादीतच खोचून उठला.

अमीन धुळ्याचा पिंजारी. सकीना त्याची एकुलती एक लेक, कॉलेजात शास्त्र शाखेला. डोंगरात चालवायची ती गिअरची, जाड टायरांची सायकल तिच्या मामूने मुंबईच्या गोदीतून मिळवून दिली होती. तशी सायकल तेव्हा धुळ्यात कोणाकडे नव्हती. पोरगी पहाटे लळिंगचा घाट चढून यायची. मोहल्ल्यात लोक बोलायचे, अमीन ऐकून घ्यायचा. येत्या रविवारी जळगावला मेहरूण तलावामागच्या टेकाडांवर शर्यत होती, आणि तिच्यातून राज्याच्या संघासाठी मुली निवडणार होते.

धुळ्यातल्या मिस्त्रींनी चाकं पाहून मान हलवली. आरे ताणून आउट काढण्यावर भागण्यासारखं नव्हतं, रिमाच बदलायला हव्या होत्या, आणि तसल्या रिमा मिळाल्या तर जळगावलाच. सकीनाचं नेमकं प्रात्यक्षिक होतं, म्हणून अमीन एकटाच निघाला. निघताना ती म्हणाली, "अब्बा, जितकी हलकी मिळेल तितकी बरी. चढावर फार फरक पडतो."

"आणि बाकी काय बघायचं?"

"बाकी दुकानदाराला कळेलच की."

एसटीत दोन्ही चाकं मांडीवर उभी धरून तो जळगावला पोचला. विचारत विचारत जीवरामच्या दुकानात गेला. जीवराम साठीचा, सायकलींच्या सामानात वाढलेला माणूस. दुकानात छतापासून रिमा टांगलेल्या.

"कथाईन उनात, भाऊ?"

"धुळ्याहून. या चाकांना रिमा पाहिजेत. छब्बीस इंची."

"बठ्ठी छब्बीस सारखीच ऱ्हातस," म्हणत जीवरामने वरची एक रिम काढली आणि सकीनाचा टायर तिच्यावर चढवायला घेतला. टायर चढेना. त्याने पाय लावला, दोन पान्यांनी ओढून पाहिलं, शेजारच्या दुकानदाराला हाक मारून दोघांनी मिळून ताणलं. टायर बोटभर बाहेरच. जीवराम घामाघूम झाला. "हे काय गौडबंगाल आहे," तो स्वतःशीच बोलला. "छब्बीस लिहिलंय, दोन्हीवर छब्बीस लिहिलंय." मग तो माळ्यावर चढला आणि बऱ्याच वेळाने धुळीने माखून दोन जोड्या घेऊन उतरला.

पहिली जोडी लोखंडी, क्रोमचं पाणी दिलेली, आरशासारखी चकचकीत. दुसरी ॲल्युमिनियमची, कुणाच्या तरी सायकलीवरून उतरवलेली. टायर दोन्हींवर नीट बसला. आऱ्यांची भोकंही जुळली. अमीनने एका हातात एक, दुसऱ्यात दुसरी अशी धरून पाहिली. लोखंडीच्या वजनाने मनगट खाली गेलं. ॲल्युमिनियमची तर असून नसल्यासारखी.

"ही द्या," तो म्हणाला आणि ती उजेडाकडे फिरवली. तेव्हा एका भोकाशी त्याला केसासारखी बारीक रेघ दिसली.

"हा तडा आहे का हो?"

जीवरामने चष्मा कपाळावर चढवला, रिम डोळ्यांजवळ नेली, लांब धरली. "ओरखडा असेल. तडा असेल. मी काय सांगू? माझ्याकडे असला माल येतोच कुठे."

अमीनने रेघेवर नख फिरवलं. कापसात सरकीचा बारीकसा तुकडा राहिला तरी त्याच्या बोटांना कळायचा. इथे नख अडलं की नाही तेच कळेना. त्याने पुन्हा फिरवलं. एकदा वाटलं अडलं, एकदा वाटलं नाही.

"तुम्ही असता तर कोणती घेतली असती?"

"मी सायकलवर डोंगरात गेलोच नसतो," जीवराम म्हणाला. मग त्यालाच वाईट वाटलं असावं. "लोखंडी जड शे, पण टिकी. एवढं सांगू शकतो."

अमीन समोरच्या एसटीडी बूथमध्ये गेला आणि त्याने शेजारच्या कमलबाईंकडे फोन लावला. कमलबाईंनी भिंतीवरून हाका मारल्या. सकीना कॉलेजातून आली नव्हती. फोनवर आली ती त्याची बायको सुगराबी. त्याने सगळं सांगितलं. एक जड, एक हलकी, हलकीवर रेघ.

सुगराबीला त्यातलं काही कळलं नाही. ती एवढंच म्हणाली, "पोरीला इजा होणार नाही अशी घ्या."

फोन ठेवल्यावरही अमीन बूथमध्ये उभाच राहिला. बाहेरच्या माणसाने काचेवर टिचकी मारली, तेव्हा निघाला. दुकानात येऊन त्याने लोखंडी जोडीवर हात ठेवला. जीवरामने जुन्या हबमध्ये नवे आरे भरले, चाक फिरवत फिरवत आउट काढला. चाकं अशी गोल फिरायला लागली की बघत राहावं.

घरी सकीनाने चाक उचललं आणि लगेच तिच्या ध्यानात आलं.

"लोखंडी?"

"हलकी होती. तिच्यावर रेघ होती, बेटा. तडा की ओरखडा, कोणालाच सांगता येईना."

तिने चाक एकदा फिरवून पाहिलं. मग म्हणाली, "मीसुद्धा हीच घेतली असती." खरं की आपल्या समाधानासाठी, ते अमीनला ओळखता आलं नाही.

रविवारी मेहरूणला आभाळ भरून आलं होतं. अमीन टेकाडाच्या पायथ्याशी, उतार जिथे वळतो तिथे लोकांबरोबर उभा होता. चढावर सकीना मागे पडली, पण दुसऱ्या फेरीत दात-ओठ खाऊन तिने दोघींना गाठलं. तेवढ्यात पावसाची भुरभुर सुरू झाली. ती उतारावरून येताना दिसली तेव्हा अमीनने हात वर केला. वळण जवळ आलं. तिने दोन्ही ब्रेक करकचून दाबले. त्याला तिच्या बोटांची पांढरी पडलेली पेरं दिसली, ब्रेकचे रबर रिमेला चिकटलेले दिसले, आणि चकचकीत चाकं मात्र फिरतच राहिली. काही अडवतंय हे त्यांना जणू कळलंच नाही. "अब्बा!" ती ओरडली. त्याने हात पुढे केले. ती त्याच्या हातांपासून दोन माणसांच्या अंतरावरून गेली आणि बाभळीखालच्या दगडांवर आदळली.

कोपरापर्यंत हात मोडला होता. कॉलेजचे क्रीडाशिक्षक जळगावच्याच इस्पितळात आले आणि व्हरांड्यात अमीनच्या शेजारी बसले. "क्रोमची रिम ओली झाली की ब्रेक धरत नाही म्हणे. पुण्याच्या मुली आत्ता बोलत होत्या."

"आधी कोणी सांगितलं नाही, सर."

"मलाच आज कळलं, अमीनभाई," ते म्हणाले. निवड दुपारीच जाहीर झाली होती. पुढच्या वर्षी सकीनाचं वय बसणार नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सुगराबी पोरीपाशी बसली असताना अमीन जीवरामच्या दुकानात गेला. भांडायला नव्हे. त्याला ती रेघ पुन्हा एकदा बघायची होती.

"जामनेरचा एकजण घेऊन गेला ती जोडी," जीवराम म्हणाला.

"मग? मोडली?"

"परत तर आला नाही." जीवरामने हातातला पाना खाली ठेवला. "आता चांगली चालतेय म्हणून आला नाही, की..." त्याने वाक्य सोडून दिलं. "काय झालं भाऊ? पोरगी जिंकली का?"

अमीनने सांगितलं. जीवरामने स्टूल पुढे सरकवलं, चहा मागवला. दोघांनी बशीतला चहा निवू दिला. कोणी कोणाला दोष द्यावा असं तिथे काही नव्हतं, आणि त्यानेच अमीनचा जीव जास्त कासावीस झाला. भांडता आलं असतं तर बरं वाटलं असतं.

इस्पितळात परत आला तेव्हा सकीना जागी होती. प्लास्टरच्या आत खाज सुटली होती, आणि आत काही घालायचं नाही असं डॉक्टरांनी बजावलं होतं. आपटली तेव्हा रडली नव्हती, निवड गेल्याचं कळल्यावरही नव्हती. आता त्या खाजेने तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं.

"अब्बा, काहीतरी करा ना."

अमीनने प्लास्टरच्या तोंडाशी फुंकर घालून पाहिली. वरून हलकेच टकटक करून पाहिलं. "इथे का?" "नाही, खाली." "इथे?" "अजून खाली, आत." त्याची बोटं पांढऱ्या कडक प्लास्टरवरून फिरत राहिली, आणि ती डोळे मिटून म्हणत राहिली, "तिथे नाही अब्बा, तिथे नाही."