एकशे एकोणपन्नास

थेंब पिवळसर. परीक्षानळीच्या तळाशी मधासारखा, नळी कलती केली की आळसावून एका अंगाला सरकणारा — तीन महिने विनीता त्याचे स्फटिक होण्याची वाट पाहत होती. बर्फात ठेवला, काचेच्या कांडीने नळी आतून खरवडली (खरवडलं की एखादा कण धरतो म्हणे)... थेंब थेंबच राहिला.

आणि आता टेबलावर हा कागद, रेणूंचे तुकडे तोलणाऱ्या मशीनचा. त्यावर एकच उंच रेघ. १४९.

मशीन चालवणाऱ्या सौरभने कागद देताना हसू दाबायची तसदी घेतली नव्हती. "मुबारक हो, विनीताजी! आपकी फफूँद ने तो बाल्टी बना दी, बाल्टी!"

तिच्या बुरशीने म्हणे प्लॅस्टिकची बादली बनवली! तीही हसली होती. एवढी काय घाई होती हसायची?

१४९ म्हणजे प्लॅस्टिक. प्लॅस्टिक लवचीक राहावं म्हणून त्यात तेल घालतात, अर्क काढताना ओतलेल्या द्रावकात ते सुटून येतं — कुणीही सांगेल, पहिल्या वर्षाचं पोरसुद्धा. चार वर्षं एकच काम: बुरशीच्या एन्झाइममधला एक दुवा बदलायचा, म्हणजे ते नेहमीचा तुकडा सोडून वेगळाच तुकडा उचलील आणि जगात कधी नव्हतं असं संयुग जोडून देईल. दुवा बदलला. बुरशी वाढली. आणि मूळ बुरशीत नसलेलं एक शिखर आलेखावर उभं राहिलं; ते वेगळं काढलं, तोच हा थेंब. मूळ बुरशीत ते नव्हतं, कारण... कारण तिचा अर्क काचेच्या बाटल्यांत होता. पहिल्या वर्षीच्या. मग बाटल्या फुटत गेल्या, नव्यांची फाइल टेबलाटेबलांवरून फिरत राहिली, पुढचे सगळे अर्क प्लॅस्टिकच्या नळ्यांत. फ्लास्क हलवणाऱ्या यंत्रावर जागा नाही म्हणून मूळ बुरशी तुलनेसाठी पुन्हा वाढवलीच नाही. पुराना कंट्रोल है न, चल जाएगा — कोण म्हणालं होतं हे? माझे गाइड निगमसर? की मीच म्हणाले, आणि सरांनी नुसती मान हलवली?

मीच.

बाबा जूनअखेर रेल्वेतून निवृत्त होतायत. क्वार्टर सोडायचं, नाशिकला जायचं. आज सकाळी डबा हातात देताना म्हणाले, "विने, तुझ्या बुरशीला म्हणावं आटप आता. ट्रकवाल्याशी बोलून ठेवलंय, तारीख तेवढी तू दे." आई आतून ओरडली, "तिला जाऊ द्या हो, बस चुकेल!" पत्र्याच्या पेट्या महिनाभर पॅसेजमध्ये उघड्या पडल्यात, त्यांत अजून काहीच नाही...

"विनीता बेटा, डाटा आया?"

सर दारात. हातात प्रोजेक्टरवर दाखवायच्या पारदर्शिकांचा गठ्ठा. उद्या हैदराबादला व्याख्यान, तिच्याच शिखरावर.

"नहीं सर. लाइट चली गई थी उनके यहाँ."

"अरे यार, ये लखनऊ..." म्हणत ते गेले.

किती सहज आलं ते. कागद कधी उलटा केला, तेही कळलं नाही. आता धावत जावं, सर, एक मिनट — पण उठायचं म्हणजे आधी गुडघे, मग पाठ, मग तो सबंध व्हरांडा. मग पुन्हा बाटल्या मागवणं, पुन्हा मूळ बुरशी, पुन्हा एक वर्ष... ती बसून राहिली. पोटात भीती शोधू लागली. नव्हती. थकवा होता, जुना, अंगवळणी पडलेला, आणि त्याच्या खाली काहीतरी कोरडं, स्वच्छ: या चार वर्षांत खात्रीने कळलेली ही पहिलीच गोष्ट.

पलीकडच्या खोलीत सर भाषणाची तालीम करत होते. भिंतीतून इंग्रजी शब्द येत होते — नवं संयुग, इतर कुठल्याही बुरशीत न आढळलेलं. वाक्यं तिचीच होती. तिनेच लिहून दिली होती, मोठ्या अभिमानाने. सर एक वाक्य म्हणत, थांबत, दुसरं म्हणत. आणि प्रत्येक थांब्यात तिच्या आत कुणीतरी, न रागावता, न घाबरता, हजेरी घेतल्यासारखं म्हणत होतं — नाही. ... नाही. ... तिने त्या आवाजाला थांबवून पाहिलं. तो थांबेना.