बत्तीस सेकंद

आमच्या शहरात माणसाला पाय दिलेत ते क्लच आणि ब्रेक दाबायला, असं बाबा म्हणायचे. त्यांना म्हणायला काय जातं! एकतीस वर्षं त्यांनी ड्रायव्हिंग स्कूल चालवलं, निम्म्या शहराला गिअर टाकायला त्यांनीच शिकवलं. अजूनही पेट्रोल पंपावर एखादा टक्कल पडलेला गृहस्थ त्यांना बघून ताठ उभा राहतो आणि न विचारता सांगून टाकतो, “सर, आरसा बघूनच वळतो हं!”

मी त्यांची एकुलती एक मुलगी, रस्ते खात्यात सिग्नल इंजिनिअर. कुठला दिवा किती सेकंद लागायचा ते मी ठरवते. सिग्नलला अडकल्यावर लोक ज्या कुणाला शिव्या घालतात ना, ती मी. आई गेल्यापासून घरात आम्ही दोघंच, आणि दोघांनाही आपलंच खरं करायची सवय.

मार्चमध्ये डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी बाबांना काचबिंदू असल्याचं सांगितलं. समोरचं लख्ख दिसतं, पण बाजूचं नाहीसं होत चाललंय. “गाडी बंद,” बाई म्हणाल्या. बाबांनी ते एखाद्या विद्यार्थ्याची सबब ऐकावी तसं ऐकलं आणि घरी येताना चावी माझ्या हातात न देता स्वतःच्या खिशात टाकली.

“किल्ली द्या, बाबा.”

“देईन. पण मग मी मास्तरकडे कसं जायचं, ते तू सांगायचंस.”

मास्तर म्हणजे शिंपीकाका, बाबांचे चाळीस वर्षांचे मित्र. दुकान बंद केलं, तरी मास्तर ही पदवी काही त्यांना सोडून गेली नाही. रोज दुपारी चार वाजता दोघं मिळून वर्तमानपत्रातलं शब्दकोडं सोडवतात. बारीक अक्षर बाबांना त्रास देतं म्हणून काका वाचतात. काकांना शब्द आठवत नाहीत म्हणून बाबा सांगतात. काकांचे गुडघे गेलेत, ते जिना उतरत नाहीत, तेव्हा जायचं ते बाबांनीच. दिवसभरात बाबांना तेवढं एकच काम आहे. खरं सांगायचं तर तेवढ्यासाठीच ते सकाळी दाढी करतात.

काकांचं घर आमच्या गच्चीतून दिसतं. मधे फक्त सहा पदरी रस्ता. पण गाडीनं जायचं तर दुभाजक आडवा येतो. डावीकडे दोन किलोमीटर जाऊन यू-टर्न घ्यायचा आणि दोन किलोमीटर परत यायचं. “काखेत कळसा आणि गावाला वळसा,” असं म्हणत बाबांनी तो वळसा वर्षानुवर्षं घातला. चालत जायचं त्यांच्या मनातही आलं नाही. आमच्याकडे चालणाऱ्या माणसाची गाडी बिघडली असावी, असंच लोक धरून चालतात. फुटपाथ आहेत, पण ते मधेच एखाद्या विजेच्या खांबाशी येऊन संपतात.

“कॉर्नरला क्रॉसिंग आहे की,” मी म्हणाले. “बटण दाबायचं, हिरवा माणूस येतो, चालायला लागायचं. माझंच काम आहे ते.”

“किती सेकंद?”

“वीस. रस्ता चोवीस मीटर आहे. माणूस सेकंदाला एक मीटर वीस सेंटिमीटर चालतो.”

“कुठला माणूस?”

नियमावलीतला माणूस, दुसरा कुठला!

पण प्रश्न डोक्यात राहिला. म्हणून रविवारी मी एक शहाणपणा केला. आमच्या फाटकापासून मागच्या दारापर्यंत फरसबंदी वाट आहे, ती मी आधी टेपनं मोजून घेतली: बारा मीटर बरोब्बर. मग मागच्या दारात मोबाइल घेऊन बसले आणि हाक मारली, “बाबा, फाटकातलं वर्तमानपत्र आणता का?” ते वर्तमानपत्र घेऊन वळले तसं मी घड्याळ सुरू केलं. दहा सेकंदांत ते माझ्यासमोर. नियमावलीतला माणूस माझ्याच घरात राहत होता! मला इतका आनंद झाला की त्यांच्या छातीचा भाता का चाललाय, हे मी बघितलंच नाही.

“बघा,” मी म्हणाले, “वीस सेकंद तुम्हाला पुरतात. आता किल्ली द्या.”

बाबांनी माझ्या मोबाइलकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मुकाट्यानं किल्ली काढून दिली. मी ती ऑफिसच्या खणात टाकून कुलूप लावलं. प्रश्न सुटला होता. मी प्रश्न सोडवणाऱ्यांतली आहे, असा माझा तेव्हा समज होता.

त्यानंतर तीन आठवडे बाबा रोज काकांकडे जात होते. “कसं वाटतं चालून?” मी विचारायचे. “झकास,” ते म्हणायचे आणि आमटीत मीठ कमी आहे का, अशा विषयावर यायचे.

मग एके दिवशी ऑफिसातून लवकर सुटका झाली, म्हणून मी वाटेत काकांकडे गेले. कुर्त्याची बाही सैल करून हवी होती. काकांनी चष्म्यावरून बाही बघितली, मला बघितलं, आणि चहा टाकला.

“काका, बाबा चालत येतात तेव्हा दमतात का हो?”

“चालत?” काकांच्या हातातली टाचणी तशीच राहिली. “अगं, तो कुठला चालत येतो? गाडीनं येतो की रोज. मागे लावतो, कचराकुंडीपाशी.”

“किल्ली माझ्याकडे आहे, काका.”

“एक तुझ्याकडे आहे,” काका म्हणाले. मग आपण नको ते बोलून गेलो हे त्यांच्या लक्षात आलं. पण सुटलेलं बोलणं काही परत उसवता येत नाही. “हे बघ, तू घड्याळ लावून बसलीस ना दारात? त्यानं तीस वर्षं लोकांच्या परीक्षा घेतल्यात. त्याला कळणार नाही? पळत आला तो. आला आणि दोन दिवस कंबर धरून बसला. मला म्हणाला, मास्तर, पोरीपुढे नापास नाही झालो.”

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही म्हणतात, ते उगाच नाही. मला आधी राग आला, तो सगळा बाबांवर. जिना उतरेपर्यंत निम्मा माझ्यावर आला होता.

दुसऱ्या दिवशी पावणेचारला मी माझी गाडी क्रॉसिंगसमोरच्या पार्किंगमध्ये लावून आत बसून राहिले. बाबा आले. इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी. सरळ गाडी काढतील असं मला वाटलं होतं. पण आधी ते चालतच आले. त्यांनी बटण दाबलं. हिरवा माणूस आला, आकडे वीसवरून खाली पळायला लागले. बाबांनी एक पाय खाली ठेवला, मान डावीकडे पुरी वळवली, मग उजवीकडे पुरी वळवली. बाजूचं दिसत नाही म्हणून त्यांना अख्खी मान वळवावी लागते. तेवढ्यात आकडा चौदावर आला. त्यांनी पाय उचलून परत फुटपाथवर घेतला. पुन्हा बटण, पुन्हा पाय, पुन्हा मागे. असं तीनदा झालं. समोरचं त्यांना लख्ख दिसतं, म्हणजे ते उतरणारे आकडे तेवढे स्पष्ट दिसत होते.

त्या वेळात आणखी चौघं-पाचजण रस्ता ओलांडून गेले. बाबागाडीवाली एक आई, सफाईच्या बादल्या घेतलेली एक बाई, डिलिव्हरीवाला. सगळे धावत. या क्रॉसिंगवर लोक नेहमीच धावतात. मला वाटायचं, लोकांना घाई असते.

चौथ्यांदा बाबांनी बटण दाबलं नाही. ते घरी वळले आणि चालायला लागले, आणि मी त्यांची पाठ बघत मोबाइलवर पुन्हा घड्याळ लावलं. आता त्यांना कुणी बघत नव्हतं. दोन दिव्यांच्या खांबांमध्ये तीस मीटर असतात, ते अंतर मीच आखलेलं आहे. बाबांना चाळीस सेकंद लागले. चोवीस मीटरला म्हणजे बत्तीस. हे गणित करताना माझे डोळे भरून आले. मला गणितानं कधी रडवलं नव्हतं, शाळेतसुद्धा नाही.

दहा मिनिटांनी त्यांची जुनी पांढरी गाडी गल्लीतून बाहेर आली. मी मागे लागले. इंडिकेटर वेळेवर, वेग चाळीस, आपली लेन सोडायची नाही. परीक्षेत पैकीच्या पैकी मिळावेत अशी गाडी. यू-टर्नला ते थांबले, मान वळवली, आणि वळले. बाजूनं एक मोटारसायकल येत होती. त्या पोरानं कच्चकन ब्रेक मारला, गाडी आडवी होता होता वाचली, हॉर्न कितीतरी वेळ वाजत राहिला. बाबा शांतपणे पुढे गेले. हॉर्न आपल्यासाठी आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं. एक अख्खा पोरगा गेला असता, आणि मी वीस सेकंदांचा कागद दाखवत बसले असते.

मी तशीच क्रॉसिंगपाशी परत आले, कोपऱ्यावरची सिग्नलची पेटी उघडली आणि वीसच्या जागी बत्तीस टाकले. परवानगी नाही, फाइल नाही, काही नाही. त्या संध्याकाळी बाबा अंघोळीला गेले तेव्हा मी त्यांच्या गाडीच्या बॅटरीची तार सैल करून ठेवली. याचीही मला लाज वाटत नाही.

“उद्या एकदा चालून बघा,” जेवताना मी म्हणाले.

“रोजच चालतो की,” बाबा म्हणाले आणि ताटात बघत राहिले.

सकाळी साहेबांचं बोलावणं आलं. आमचे साहेब वाईट नाहीत. फक्त त्यांना रस्ता खिडकीतून आणि माणूस काचेतून दिसतो.

“कॉर्नरच्या क्रॉसिंगवर बारा सेकंद कुणी वाढवले? साडेआठला मॉलपर्यंत रांग लागली होती.”

“मी वाढवले.”

“कारण?”

“माझे वडील, सर.”

साहेबांनी चष्मा काढला. “एका माणसासाठी?”

“मोजलेला एकच आहे. न मोजलेले किती, ते तुम्हालाही माहीत नाही आणि मलाही नाही. सगळे पळतात सर तिथे. क्रॉसिंग झाल्यापासून तीन वर्षं आपण म्हातारे मोजतच नव्हतो, कारण म्हातारे तिथे येतच नव्हते.” मग मी त्यांना मोटारसायकलवाल्या पोराचं सांगितलं, आणि बोलताना मला रडू फुटलं. ऑफिसात असं करू नये हे मला माहीत आहे.

साहेब उठून खिडकीपाशी गेले. “एक महिना,” ते म्हणाले. “आणि तक्रारीचे फोन तुझ्या मोबाइलवर येतील.” दुपारपर्यंत अकरा आले. एकानं तर माझं खानदान काढलं. मी म्हटलं, काढा, त्यांच्यासाठीच चाललंय.

पावणेचारला मी काकांच्या खिडकीत उभी होते. काका शेजारी, गुडघ्यावर वर्तमानपत्र. चार वाजले. सव्वाचार झाले. बाबा नाहीत.

“येईल गं,” काका म्हणाले, पण तेही खिडकीतून हलले नाहीत.

साडेचारला बाबा आले, चालत. बोटं काळी झालेली, ती रुमालाला पुसत होते. त्यांनी बटण दाबलं. हिरवा माणूस आला आणि बाबा जागचे हललेच नाहीत. आकड्याकडे बघत राहिले. आकडे संपले, लाल झालं. त्यांनी पुन्हा बटण दाबलं. या वेळी मान डावीकडे वळवली, सावकाश. उजवीकडे वळवली, सावकाश. आणि पाय खाली टाकला.

“अठ्ठावीस,” काका मोजत होते. “एकवीस. सतरा, दुभाजक आला. चौदा. अगं, हा थांबला का? नाही, चालतोय. सात.”

बाबा आमच्या बाजूच्या फुटपाथवर चढले तेव्हा दोन उरले होते. ते वळले आणि आकडा शून्यावर येईपर्यंत बघत उभे राहिले.

जिना चढून वर आले ते मला बघून चकित झाले नाहीत. खुर्चीत बसले, पाणी प्यायले. मग शर्टाच्या खिशातून दुसरी किल्ली काढून वर्तमानपत्रावर ठेवली.

“तार घट्ट करून ठेव,” ते म्हणाले. “सैल तारेनं ठिणग्या उडतात. एवढं शिकवलं होतं तुला.”

म्हणजे ते आधी गाडीकडेच गेले होते. रागवायला तोंडच नव्हतं, त्यांनाही आणि मलाही.

“तुला कळलं होतं,” बाबा म्हणाले. “मग सरळ नापास का नाही केलंस मला?”

“पेपरच चुकीचा काढला होता, बाबा. मीच.”

बाबांनी माझ्याकडे बघितलं. मला शेजारी बसलेली बघायला त्यांना आता मान वळवावी लागते, आणि त्यांनी ती पुरी वळवली. मग ते काकांना म्हणाले, “वाच रे. आडवे शब्द आधी.”

साडेपाचला आम्ही दोघं निघालो. माझी गाडी काकांच्या इमारतीखालीच राहू दिली. क्रॉसिंगला बाबांनी बटण दाबलं. हिरवा माणूस आला आणि मी सवयीनं पळत सुटले. पहिल्याच पावलाला मागून माझा दंड धरला गेला.

“सावकाश चल की,” बाबा म्हणाले. “बत्तीस आहेत.”