चार बोटांचं अंतर

हरणाच्या शिकारीसाठी रायफलवर कोणती दुर्बीण बसवावी हे विचारायला मनोहरने ज्या माणसाला फोन केला, तो माणूस गेली दहा-अकरा वर्षं मनोहरला धडा कसा शिकवावा याच विचारात होता. मनोहरला अर्थातच याचा पत्ता नव्हता. श्रीधरने तो कुणालाच लागू दिला नव्हता. राग आला की माणसं दारं आपटतात, निदान आवाज तरी चढवतात. श्रीधर राग आला की गप्प बसायचा, आणि तसा तो एरवीही गप्पच असायचा. त्यामुळे फरक कळायला मार्ग नव्हता.

"शनी, जिवंत आहेस का?" मनोहर फोनवर ओरडला.

"आहे."

"मग ऐक. मला शिकारीचा परवाना मिळाला. परीक्षा देऊन! आता हरीण मारायचंय. इथलं ते छोटं हरीण रे, डच लोक त्याला 'रे'च म्हणतात. आपण मित्राला रे म्हणतो, हे हरणाला रे म्हणतात. काय रे?" आणि स्वतःच्याच विनोदावर तो खदखदून हसला.

श्रीधरला शनी म्हणायला सुरुवात मनोहरनेच केली होती. श्रीधर तरुणपणी डचांच्या देशात डेल्फ्टला संशोधनाला आला, नंतर भिंगं बनवणाऱ्या एका कंपनीत लागला आणि तिथूनच निवृत्त होऊन हूफडॉर्पच्या घरात पुस्तकांमध्ये बसला. नोकरीच्या काळात, रविवार-रविवार करून, त्याने मराठीत दुर्बिणींवर एक पुस्तक लिहिलं. लिहिताना प्रत्येक वाक्य त्याला खोटं वाटायचं. चार वेळा तो ते सोडून द्यायला निघाला होता. शेवटी पुण्यात छापून घेतलं आणि इथल्या मराठी मंडळींच्या हॉलमध्ये प्रकाशन ठेवलं. दोन शब्द बोलायला मनोहरला बोलावलं. स्लोटरडाइकमधल्या कंपनीत मोठा साहेब, आणि बोलायला लागला की माईक सुद्धा त्याचं ऐकतो अशी ख्याती.

मनोहरने पुस्तकातलं नेमकं ते पान काढलं. श्रीधरने स्वतःच्या हाताने घासलेल्या भिंगातून पहिल्यांदा शनीची कडी पाहिली आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं, ते पान. मनोहरने ते क्रिकेटच्या कॉमेंटरीसारखं वाचलं. "आणि शनी आलाय... शनी आलाय मैदानात... कडी दिसतायत... अरे दिसली, दिसली! आणि श्रीधर रडतोय! श्रीधर रडतोय, मंडळी!" सगळा हॉल फुटला. लोक खुर्च्यांवरून घसरायचे बाकी राहिले. पहिल्या रांगेत श्रीधरची बायको कुमुदिनी तोंडाला पदर लावून हसत होती, तिचे खांदे गदगदत होते. श्रीधरही हसला. तेव्हा दुसरं काय करतात ते त्याला माहीत नव्हतं.

त्यानंतर पुस्तकाच्या प्रती खोक्यांतच राहिल्या, आणि श्रीधरने पुन्हा एक ओळ लिहिली नाही.

"आमच्या कंपनीतल्या डच साहेबांचा एक गट आहे," मनोहर सांगत होता. "शिकारीला जातात. पुढच्या शनिवारी मला पहिल्यांदा बरोबर नेणार आहेत. गोल्फ वगैरे कुणी विचारत नाही आता. खरी दोस्ती जंगलात. तर मला स्कोप निवडून दे. काचेतलं तुला कळतं. उद्या सकाळी घ्यायला येतो."

श्रीधर "बरं" म्हणाला. 

दुकान आपेलडोर्नच्या अलीकडे एका गावात होतं. काउंटरमागे मार्लूस नावाची पन्नाशीची बाई होती. तिने मनोहरची रायफल हातात घेतली, वजन पाहिलं आणि भुवया उंचावल्या. "हलकी बंदूक आणि एवढं मोठं काडतूस? छोट्या हरणासाठी?"

"रानडुक्करही मारणार आहे पुढे," मनोहर डचमध्ये ऐटीत म्हणाला.

तिने हिरव्या कापडावर दोन दुर्बिणी ठेवल्या. एक आखूड, साधी, सहा पटींपर्यंत मोठं दाखवणारी. दुसरी लांबलचक, वीस पटींपर्यंतची, पुढचं भिंग फुलपात्राएवढं.

"ही काय, आमटीची पळी?" मनोहरने आखूड दुर्बीण बोटाने ढकलली. "शनी, बघ ती दुसरी! हिच्यातून तुझी कडीबिडी दिसतील."

मार्लूसने शांतपणे समजावलं. इथे जंगलात हरीण शंभर मीटरवर दिसतं, संध्याकाळच्या उजेडात. वीस पटींत त्याचा नुसता कान दिसेल, हरीण कुठे आहे ते शोधेपर्यंत ते निघून जाईल. आणि महत्त्वाचं म्हणजे डोळ्याचं अंतर. आखूड दुर्बिणीत डोळा चार बोटं मागे ठेवला तरी पूर्ण चित्र दिसतं. लांब दुर्बिणीत जेमतेम तीन बोटं. अशी हलकी रायफल गोळी सुटली की जोरात मागे येते, आणि डोळा जवळ असला तर दुर्बिणीची कडा कपाळावर आपटते. "तुमचं काय मत?" तिने श्रीधरला विचारलं.

तिचा शब्दन्‌शब्द बरोबर होता. श्रीधरने हेच सांगितलं असतं, शिवाय हेही सांगितलं असतं की साठीच्या माणसाच्या डोळ्यातली बाहुली अंधारात पूर्वीइतकी उघडत नाही, तेव्हा फुलपात्राएवढ्या भिंगातून येणारा निम्मा उजेड फुकट जातो.

"बोल शनी. तुझ्या शब्दाबाहेर नाही मी."

श्रीधर लांब दुर्बिणीकडे बघत राहिला. "हिच्यात स्पष्ट दिसेल," तो म्हणाला. "हरणाचा केस न केस दिसेल."

त्यात खोटं काहीच नव्हतं.

"ठरलं!" मनोहरने काउंटरवर थाप मारली.

दुर्बीण बसवायची म्हणजे माणसाच्या अंगाप्रमाणे बसवावी लागते, शिंपी माप घेतो तशी. मार्लूसने त्याला उभं केलं. डोळे मिटा, रायफल खांद्याला लावा, सवयीप्रमाणे गाल टेकवा, आता डोळे उघडा. मनोहर फोटोला उभं राहावं तसा उभा राहिला. मान ताठ, हनुवटी वर, छाती पुढे. त्या मापाने तिने दुर्बीण रायफलवरच्या कड्यांमध्ये सरकवली आणि स्क्रू आवळले.

श्रीधर बाजूला उभा राहून बघत होता. हे मनोहरचं माप नाही हे त्याला दिसत होतं. चष्मा लावला तर म्हातारा दिसेन म्हणून मनोहर चष्मा लावत नाही. पण खरोखर काही बघायचं असलं, हॉटेलातलं मेनूकार्ड असो की मोबाईल, की तो दाणे टिपणाऱ्या कोंबडीसारखी मान पुढे काढतो. चांगलं एक बोट, कधी दीड. बाकावर बसून नेम धरताना ऐट विसरली जाईल आणि मान पुढे येईल. हे जगात दुसऱ्या कुणालाही माहीत नव्हतं, मनोहरच्या बायकोलाही नसेल. पण दहा-अकरा वर्षं श्रीधरने शनीपेक्षा जास्त बारकाईने कुणाकडे पाहिलं असेल तर ते मनोहरकडे.

"सगळं ठीक?" मार्लूसने विचारलं, आणि का कोण जाणे, पुन्हा श्रीधरकडेच पाहिलं.

एक वाक्य पुरलं असतं. श्रीधरने ते मनात तयारही केलं, व्याकरण तपासलं, आणि तसंच ठेवलं. गप्प राहणं हा त्याचा जन्माचा दोष होता. शाळेत, नोकरीत, त्या हॉलमध्ये, सगळीकडे त्याने त्यापायी मार खाल्ला होता. आज पहिल्यांदाच तो दोष कामाला येत होता.

संध्याकाळी जेवताना कुमुदिनी त्याच्याकडे रोखून बघत होती.

"अहो, आमटीत मीठ नाहीये."

"असं? मला चांगली लागली."

"दुसऱ्यांदा वाढून घेतलीत, म्हणून म्हटलं. झालंय काय आज? त्या मनोहरबरोबर जाऊन आलात की एरवी दोन दिवस तोंड पाडून बसता."

"दुर्बीण निवडली त्याची."

"चांगली निवडलीत ना?"

श्रीधरने पोळीचा तुकडा मोडला. कुमुदिनीने वाटी खाली ठेवली. "अजून तेच डोक्यात आहे? अहो, मी हसले ते तुम्हाला नव्हते हसले. तो माणूस बोलतोच असा, की हसू येतं. मयताच्या घरातसुद्धा येईल."

"येतं खरं," श्रीधर म्हणाला. तिच्यावर त्याचा राग नव्हता. पण तिचे गदगदणारे खांदे त्याला रोज दिसत होते, आणि ते मनोहरच्या खात्यावर मांडलेले होते.

डोळ्याचं काय, ही शंका त्याला होतीच. त्याने शोधून शोधून वाचलं. दुर्बिणीची कडा बहुधा भुवईवर आपटते, कातडी फुटते, डोळा खोबणीत राहतो. बहुधा. हा शब्द त्याने तीनदा वाचला. त्याच्या स्वतःच्या पुस्तकात बहुधा हा शब्द जागोजागी होता, कारण कशाचीच त्याला खात्री वाटत नसे. या वेळी त्याने तेवढ्यावर भागवलं.

नेम जुळवायला मनोहर त्याला चाचणीच्या मैदानावर घेऊन गेला. वारा सुटला होता. साहेबांच्या गटातले चौघे थर्मास घेऊन मुद्दाम आले होते. मैदानाची जबाबदारी विलेम नावाच्या उंच माणसावर होती. त्याने सगळ्यांच्या कानांवर जाड आवरणं चढवली आणि जगाचा आवाज बंद झाला.

मनोहर बाकावर बसला. वाळूच्या पिशव्यांवर रायफल टेकवली. आधी मान ताठ होती. मग शंभर मीटरवरचा कागद शोधताना, वीस पटींत तो सापडत नव्हता म्हणून, मान पुढे येऊ लागली. श्रीधर त्याच्या मागेच, हात पोचेल इतक्या अंतरावर उभा होता. डोळा आणि कडा यांच्यात तीन बोटं राहिली. अडीच. दोन. ओरडून ऐकू जाणार नव्हतं, पण खांद्याला हात लावता आला असता. श्रीधरचा हात कोटाच्या खिशात होता, आणि खिशातच राहिला.

गोळी सुटली. मनोहरचं डोकं मागे फेकलं गेलं. तो वळला तेव्हा उजव्या भुवईवर अर्धवर्तुळाकार चीर पडली होती आणि रक्त नाकाच्या बाजूने ओघळून पांढऱ्या कॉलरवर उतरत होतं. क्षणभर त्याचा चेहरा लहान मुलासारखा झाला, रडावं की नाही ते न कळलेल्या. तो एक क्षण श्रीधरने मिठाईसारखा जिभेवर धरला.

पण क्षणच. विलेमने डोळा तपासला, शाबूत होता. त्याने पट्टी आणली, सगळ्यांनी कानांवरची आवरणं काढली, आणि चौघे साहेब हसायला लागले. "आता झालास शिकारी! आम्हा सगळ्यांना हे एकदा मिळालंय," एकजण म्हणाला आणि स्वतःच्या भुवईवरची जुनी खूण दाखवू लागला. तेवढ्यात मनोहर सावरला. त्यानेही हसायला सुरुवात केली, मोबाईल काढून स्वतःचा फोटो काढला.

"शनी, बघ, चंद्रकोर! वहिनींना सांग, या वर्षी गौरीच्या हळदीकुंकवाला मीच येतो! अरे, गणपतीच्या कार्यक्रमात असला रंगवून सांगतो ना हा किस्सा..."

श्रीधरला तो हॉल दिसला. मनोहर माईकवर, लोक खुर्च्यांवरून घसरताहेत, कुमुदिनीच्या तोंडाला पदर. मनोहरच्या कपाळावरचं रक्तसुद्धा मनोहरचंच कौतुक होणार होतं. हे आपण घडू दिलं हेच कुणाला कळणार नव्हतं.

"पण तू तरी सांगायचंस ना, लेका," मनोहर पट्टी दाबत म्हणाला. "एवढं पुस्तक लिहिलंस. की तुलाही माहीत नव्हतं?"

"माहीत होतं," श्रीधर म्हणाला.

मनोहर हसतच होता. "म्हणजे?"

"दुकानातच दिसलं होतं. तू मान पुढे काढतोस. आत्ताही दिसत होतं. मी मागेच उभा होतो."

हसू मनोहरच्या तोंडावर तसंच राहिलं, पण आतून रिकामं झालं. "आणि डोळा गेला असता तर?"

"बहुधा गेला नसता."

"बहुधा?" त्याने मोबाईल खाली ठेवला. "मग बोलला का नाहीस?"

"तू ते शनीचं पान वाचलंस, तेव्हाही मी काही बोललो नव्हतो."

मनोहरला आठवलं. आठवलेलं स्पष्ट दिसलं, वीस पटींत दिसावं तसं. त्याने चौघा साहेबांकडे पाहिलं. त्यांना मराठी येत नव्हतं, ते अजून खुशीत होते. त्यांच्यापैकी एकाने विलेमला सांगितलं, दुर्बीण पुढे सरकवायला हवी, शनिवारी जायचंय. विलेमने स्क्रूची किल्ली आणली आणि मनोहरकडे बघितलं. "तुमचा मित्र भिंगातला जाणकार आहे ना? त्यालाच करू दे."

नको म्हणायला मनोहरकडे डचमध्ये कारण नव्हतं.

श्रीधरने त्याला बाकावर बसवलं. "ऐट करू नको. मेनूकार्ड बघतोस तसा बघ." मनोहरची मान पुढे आली. श्रीधरने दुर्बीण त्या मानेच्या मापाने सरकवली, पटी सहावर आणल्या, स्वतः डोळा लावून पाहिलं, स्क्रू एकाआड एक आवळले. आयुष्यात इतकं चोख काम त्याने केलं नव्हतं. आता डोळा आणि कडा यांच्यात पूर्ण अंतर होतं. धक्का कितीही बसो, काही होणार नव्हतं.

"झालं," तो म्हणाला.

"आता बरोबर आहे?" मनोहरने विचारलं. आवाज अगदी खाली होता. तो माईकचा आवाज नव्हताच.

 श्रीधरने दूरवरच्या कागदाकडे पाहिलं, मग मनोहरच्या पट्टीकडे, मग पुन्हा कागदाकडे. विलेमसुद्धा थांबून बघू लागला इतका वेळ गेला.

"हो," तो म्हणाला.

मनोहरने गाल टेकवला, चाप ओढण्याआधीच डोळे गच्च मिटले, आणि गोळी समोरच्या मातीच्या बांधात गेली. "डोळे उघडे ठेवा," विलेम म्हणाला. दुसरी गोळीही मातीत गेली, तिसरीही. चौघांपैकी एकजण खोकला, दुसऱ्याने थर्मासचं झाकण लावलं. शनिवारचं बघू, असं कुणीतरी हळूच म्हणालं.

श्रीधर जागचा हलला नाही. प्रत्येक गोळीआधी मनोहर मागे वळून त्याच्याकडे बघत होता, आणि श्रीधर, ज्याने जन्मात कुणाच्या नजरेला नजर दिली नव्हती, त्याच्याकडे बघत राहिला.