खालच्या स्टडचे आटे

मंगळवारी दुपारी दोन वाजून दहा मिनिटांनी श्रीनाथच्या मोटरसायकलचे आटे गेले. सायलेन्सरचा नट आवळता आवळता पाना एकदम हलका झाला, पाण्यात हात घातल्यासारखा. गोकुळदासने हात जागीच थांबवला, पण व्हायचे ते होऊन गेले होते. इंजिनाच्या हेडमध्ये रुतलेला खालचा स्टड, म्हणजे नट ज्यावर बसतो तो आट्यांचा दांडा, आपल्याबरोबर अ‍ॅल्युमिनियमचा चुरा घेऊन बाहेर आला.

गोव्यातल्या साखळी गावचा बाजार त्या वेळी झोपलेला होता. शटरे अर्धी खाली, फळवाल्याच्या तोंडावर टॉवेल, स्टँडवरची पणजीची बससुद्धा ड्रायव्हरसकट पेंगत होती. एक ते चार इथे कोणी कोणाला हाक मारत नाही. गोकुळदासच्या गॅरेजातही एकतीस वर्षांचा नियम होता: माशाचे हुमण आणि भात जेवल्यावर पान्याला हात लावायचा नाही. अ‍ॅल्युमिनियम नरम, लोण्याच्या जातीचे. झोपाळलेल्या हाताला त्याची हद्द कळत नाही.

नियम मोडला तो श्रीनाथपायी. हा मोरजीचा, किनाऱ्यावर कासवांच्या घरट्यांची राखण करणारा, गोकुळदासच्या शेजाऱ्यांचा जावई. खाऱ्या वाऱ्याने सायलेन्सरचे नट खाल्ले होते आणि गाडीचा आवाज ट्रॅक्टरसारखा फुटत होता.

"मामा, सहाक मोरजीक पोचूक होया. पिल्लां बाहेर येवची आसत."

"मग त्यांका सांग, जावई सासुरवाडीक जेवता हा, वायच थांबा," गोकुळदास म्हणाला होता, आणि पाना उचलला होता.

आता श्रीनाथ बाहेर आलेल्या स्टडकडे पाहत राहिला. मग बस पकडायला गेला.

गोकुळदासची बायको रुक्मिणी मागच्या दारातून आली. गॅरेज घराच्या पडवीतच होते. पान्याचा आवाज बदलला की तिला चुलीपाशी कळायचे.

"गेले?"

"गेले. झोपेत झाला."

"सोमवारी चायचो कप पडलो, तेव्हा खंय झोपलेलात?"

गोकुळदासने उजवा हात मागे घेतला. साखरेच्या दुखण्याने त्याच्या उजव्या हाताची बोटे मरत चालली होती. टोकांना सतत रेशीम गुंडाळल्यासारखे वाटायचे. ज्या दिवशी बोटांमुळे कोणाची गाडी बिघडेल त्या दिवशी गॅरेज बंद, असा शब्द त्याने गेल्या महिन्यात देवीपुढे नारळ ठेवून दिला होता, तोही रुक्मिणीच्या देखत. मंगळवारचा दोष झोपेचा की बोटांचा, एवढाच प्रश्न होता. उत्तर मिळायला एकच वाट होती: तेच भोक, तोच हात, पण सकाळची वेळ.

बुधवारी सात वाजता, नुसत्या चहावर, त्याने काम सुरू केले. इंजिनाच्या तोंडात ग्रीस लावलेले फडके कोंबले, म्हणजे चुरा आत जाऊ नये. मोडलेले भोक बेताने मोठे केले. मग नवे आटे कापणारा टॅप भोकावर धरला, रॉकेलचे दोन थेंब सोडले आणि गुण्या लावून चारी बाजूंनी पाहिले. टॅप केसभर कलला तर स्टड कायमचा वाकडा.

अर्धा फेरा पुढे, थोडा मागे. बोटांना काहीच कळत नव्हते. त्याने डोळे मिटले. मग बोटांना न कळणारे ते आवाजातून कळू लागले: बारीक, ओली कुरकुर, नारळ खवताना येते तशी. तो आवाजाच्या मागून आत उतरत गेला. गोल जिना होता, भिंती चांदीच्या, एकेक पायरी पायाखाली आत्ताच तयार होत होती. खाली गार होते. तिथे त्याची बोटे जुन्यासारखी होती, पायरीची कड त्यांना लागत होती. मग जिना संपला. त्याने डोळे उघडले तेव्हा टॅप तळाला टेकला होता आणि अंगठ्यावर चकाकणारा चुरा होता.

चुरा साफ करून त्याने तारेची कॉइल त्या आट्यांत फिरवत बसवली. आता स्टडला अ‍ॅल्युमिनियमऐवजी स्टीलचे घर होते. तिच्या टोकाची आडवी शेपटी तोडून बाहेर काढली. नवा स्टड, सांध्यात दबणारी नवी गॅस्केट, नवे नट. बेतानेच आवळले. फडके काढून गाडी चालू केली. फुटण्याचा आवाज नव्हता.

तो स्वतः डिचोलीपर्यंत गेला आणि परत आला. इंजिन तापून मग निवायला हवे, तेव्हाच आट्यांची परीक्षा. पावणेएकला त्याने गाडी सावलीत लावली.

श्रीनाथचा फोन आला. "मामा, झाली?"

"थंड जावंदे."

"आमची बावन्न पिल्लां समुद्रात गेली, पण तुमची एक गाडी निघना नाय."

"पिल्लांका आटे नसतत रे!"

बुधवारी त्याने नियम पाळला. जेवून आडवा झाला. पत्र्यावर ऊन कडकड वाजत होते, खाली इंजिन निवताना टिकटिकत होते, आणि त्या दोन आवाजांच्या मधोमध तो कुठेतरी तरंगत राहिला. चारला उठला, तोंड धुतले, पाना घेऊन गाडीपाशी बसला.

रुक्मिणी दारात उभी राहिली. "आता काय बघतात?"

"परत आवळूचा. नवी गॅस्केट दबता, म्हणान नट वायच फिरतलो."

"वायच म्हणजे कितको?"

"पाव फेऱ्याच्या आत. आणि मग थांबूक होया."

"आणि थांबलो नाय तर?"

"तर आटे सुटतत."

ती उंबऱ्यावर बसली. गोकुळदासने पाना नटावर चढवला, डोळे मिटले आणि कान दिला. निवलेल्या इंजिनातून काहीच आवाज येत नव्हता.

चार वाजून सात मिनिटांनी पाना पुरता पाव फेरा फिरला होता. नट घट्ट झाला की आटे सुटत चालले आहेत, हे त्याच्या बोटांना सांगता येईना. त्याने पुढे जोर दिला नाही, आणि पानाही काढला नाही.