परत विचारलं की

"आता बघ हं," म्हणत चाचणी घेणाऱ्या बाईंनी खालच्या ओळीतली बटणं लांब लांब सरकवली. वर सहा, खालीही सहाच. समोरच्या खुर्चीत पाचेक वर्षांची मुलगी, पाय अधांतरी. "कुठल्या ओळीत जास्त?"

"सारखीच," मुलगी पटकन म्हणाली.

बाई मनातून खूश झाल्या. पण नियम म्हणजे नियम. प्रश्न दोनदा विचारायचा आणि दुसरं उत्तर धरायचं. ही चाचणी कुठल्या परमुलुखात तयार झाली होती देव जाणे. बाई ती वर्षानुवर्षं डोळे झाकून घेत आल्या होत्या. "कुठल्या ओळीत जास्त?"

मुलीचा चेहरा खर्रकन उतरला. "खालच्या."

झालं! पोर आणखी एक वर्ष शिशुवर्गात, लहानग्यांबरोबर. बाईंना वाईट वाटलं, नाही असं नाही. पण असली पोरं रोजच येत आणि प्रत्येकासाठी हळहळत बसायला त्या काही कुणाच्या मावशी नव्हत्या.

मुलीची आई बाहेर उभी होती, शिवणकामाच्या कारखान्यातून कशीबशी सुटी काढून आलेली. "नीट बोलली ना हो बाई? मी घरूनच बजावून आणलंय. मोठ्या माणसानं परत विचारलं म्हणजे तुझं चुकलंय. हुज्जत घालायची नाही, गुमान दुसरं सांगायचं. आमच्याकडची सगळी पोरं अशीच वळणाची!"

बाईंनी हातातल्या निकालाच्या कागदाकडे बघितलं. आजवर अशी किती वळणाची पोरं आपण मागे बसवली असतील? त्या चाचणीच्या मुलखातली पोरं 'एकदा सांगितलं ना!' म्हणून फणकारत असतील. त्यांनी मुलीला परत आत बोलावलं, बटणं मांडली आणि सवयीनं तोच प्रश्न तिसऱ्यांदा विचारून बसल्या.

"सारखीच," मुलगी घाईघाईनं म्हणाली. ती बटणांकडे बघतच नव्हती. बाईंच्या तोंडाकडे बघत होती.

बाईंनी मुकाट्यानं तिचं पहिलं उत्तर धरलं. वरून कोणी विचारलंच तर बघून घेऊ. "पास," मुलीला बाहेर आईजवळ आणून त्या म्हणाल्या.

"बघ! ऐकलंस म्हणून पास झालीस," आईनं लेकीची पाठ थोपटली.

"नाही हो. तिचं पहिलंच उत्तर बरोबर होतं."

आई गोंधळली. "मग तुम्ही परत का विचारलंत?"

मुलीनं आईकडे बघितलं, मग बाईंकडे.

"दोन्ही बरोबर," ती हळूच म्हणाली.